पहिल्या डिस्क गोल्फ स्पर्धेसाठी कोणता गट निवडावा?

आपण ऐरोलीचे असून खारघरच्या सेंट्रल पार्कात मित्रांसोबत डिस्क गोल्फचा, म्हणजे चकती कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत टाकण्याच्या खेळाचा, सराव करता, अधिकृत रेटिंग (खेळाच्या दर्जाचे गुणांकन; जास्त म्हणजे चांगले) नाही आणि ‘नोव्हिस’ (नवशिक्यांचा) की त्याच्या वरचा ‘रिक्रिएशनल’ गट घ्यावा हे ठरत नाही, असे आपण लिहिले आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) या संघटनेच्या नियमांनुसार नोव्हिस गट ८५० पेक्षा कमी, रिक्रिएशनल ९०० पेक्षा कमी आणि इंटरमीजिएट ९३५ पेक्षा कमी रेटिंगच्या खेळाडूंसाठी असतो. रेटिंग नसलेला हौशी खेळाडू मात्र कोणताही कौशल्यगट निवडू शकतो, त्यामुळे प्रामाणिक निवडीची जबाबदारी आपलीच राहते.

माझ्या मते फेकीच्या लांबीपेक्षा पटिंगकडे, म्हणजे टोपलीजवळून केलेल्या शेवटच्या फेकीकडे, पाहावे. पाच-सहा मीटरवरून डिस्क बहुतेक वेळा साखळ्यांत बसत असेल आणि फेक साधारण सरळ जात असेल, तर रिक्रिएशनल घ्यावा. अन्यथा नोव्हिसच योग्य, आणि त्यात मुळीच कमीपणा नाही. साधारण दहा रेटिंग गुण म्हणजे एका फेरीत एका फेकीचा फरक, हा हिशेब ध्यानात घेतला तर लगतच्या गटांतील अंतर फार मोठे वाटणार नाही. शक्य असल्यास त्या गटाचे मागील गुणफलक पाहावेत, तसेच त्याच्या टी (पहिली फेक करण्याच्या जागा) कुठे आहेत हे आयोजकांना आधीच विचारावे.