‘निघून जावेसे वाटते’ हे वाक्य अर्धवट सोडू नका

एका वाचक भगिनीने लिहिले आहे : ‘पतीच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी आम्ही इंग्लंडमध्ये आलो. साताऱ्यात मी महाविद्यालयात शिकवत होते, इथे घरी असते. गेले पाच-सहा महिने कशातच मन लागत नाही आणि पहाटे तीनला झोप उडते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बसथांबा दिसतो. भांडी घासताना रोज वाटते की हात पुसावेत, बसमध्ये बसावे, शेवटच्या थांब्यावर उतरावे आणि कुणालाच सापडू नये. जीव द्यावा असे मनात येत नाही. पण एखाद्या सकाळी जाग आलीच नाही तर सुटेन, असे मात्र येते. पती समजूतदार आहेत, पैशाची ओढाताण नाही, म्हणून सांगायचीही लाज वाटते. आईला तर काय सांगू?’

तुम्ही बसविषयी चार ओळी लिहिल्या आणि जाग न येण्याविषयी एकच, तीही ‘पण’ लावून. मला त्या एका ओळीपासून सुरुवात करायची आहे. सगळे टाकून निघून जावे, असे दमलेल्या माणसाला वाटतेच. संसाराच्या धबडग्यात ते अनेकांना वाटून गेलेले असते. जाग न येण्याची इच्छा मात्र वेगळ्या जातीची आहे. मरणाचा विचार कधीकधी असा पाय न वाजवता येतो, आणि अनेक महिने मन न लागणे व पहाटे झोप उडणे यांच्या सोबत तो आला असेल, तर त्याकडे नैराश्याचे लक्षण म्हणून पाहायला हवे. तुमच्या स्वभावात किंवा संस्कारांत काही उणे आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

म्हणून आधी तातडीचे सांगते. हा विचार बदलून ‘कसे’ आणि ‘कधी’ असे प्रश्न मनात येऊ लागले, किंवा स्वतःवरचा भरवसा सुटतो आहे असे वाटले, तर त्या क्षणी एकट्या राहू नका. पतींना उठवा, ९९९ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. धोका इतका जवळ नसेल, पण रात्र निघत नसेल, तर १११ हा इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, म्हणजे एनएचएसचा, क्रमांक लावून मानसिक आरोग्यासाठीचा २ हा पर्याय निवडा. समॅरिटन्स ही १९५३ पासून चालणारी संस्था ११६ १२३ या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क ऐकून घेते. तिथे बोलायला मरणाच्या दारात असावे लागत नाही. ज्या वस्तूंची तुम्हाला स्वतःविषयी भीती वाटते, त्या आजच पतींच्या ताब्यात द्या.

रात्रीचा मुद्दा मुद्दाम काढला. हिवाळ्यात भारताचे घड्याळ साडेपाच तास पुढे असते. इथे तुमची मुलगी झोपून घर शांत होते, रात्रीचे साडेनऊ वाजतात, तेव्हा साताऱ्यात पहाटेचे तीन वाजलेले असतात. ज्या वेळी माहेरचा आवाज सर्वांत जास्त हवा असतो, नेमक्या त्याच वेळी माहेर गाढ झोपलेले असते. त्यात डिसेंबरात लंडनमध्ये चारच्या आधी सूर्य मावळतो. तेव्हा रात्री फोन करता येईल असे इथलेच एक माणूस हेरून ठेवा आणि ‘मी अवेळी फोन करीन, चालेल ना?’ असे त्याला दिवसाउजेडी विचारून ठेवा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, इतर शहरांतही मंडळे आहेत; पण गणपतीच्या गर्दीत हे बोलणे होत नाही, त्यासाठी एकच मैत्रीण पुरते.

आता डॉक्टरांकडे जाण्याविषयी. आपल्या भाषेत या दुःखाला आडून सांगायची फार सोय आहे. ‘नको झाले आहे’, ‘अंगात त्राण नाही’, ‘डोके जड असते’ असे आपण म्हणतो, आणि घरचे माणूस त्यातले न बोललेले ओळखते. दहा मिनिटांच्या भेटीत इंग्रज डॉक्टरने ते ओळखावे, अशी अपेक्षा करू नका. तुम्ही थकव्याचे सांगाल, ते रक्ताची तपासणी लिहून देतील, अहवाल चांगला येईल आणि तुम्ही आणखी खचाल. रक्त अवश्य तपासावे, कारण थायरॉइडचा किंवा रक्तक्षयाचा त्रासही असा दिसतो. परंतु ‘जाग आली नाही तर बरे’ ही ओळ कागदावर लिहून न्या आणि बोलवत नसेल तर कागदच पुढे करा. भेट ठरवताना दुप्पट वेळ मागता येतो. दुभाषी हवा असल्यास तो विनामूल्य मिळतो; पतींना दुभाषी करू नये, कारण काही गोष्टी त्यांच्यासमोर बोलवणार नाहीत. इंग्लंडमध्ये समुपदेशनासाठी एनएचएसच्या टॉकिंग थेरपीज या सेवेकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतःही नाव नोंदवता येते, मात्र तिथे थांबावे लागू शकते. गोळ्या दिल्या तर परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात.

डॉक्टरांना सांगितले तर व्हिसा अडचणीत येईल, ही भीती तुम्ही लिहिली नाही, पण ती असणार असे धरून सांगते : डॉक्टरांशी झालेले बोलणे गोपनीय असते, जिवाला धोका दिसला तरच ते गरजेपुरते पुढे सांगतात, आणि पतींच्या कंपनीला ते कळवले जात नाही. व्हिसा घेताना आरोग्य अधिभार म्हणून मोठी रक्कम तुम्ही आगाऊ भरलेलीच आहे. मग ती वाया का घालवावी!

लाजेविषयी थोडे. ‘पैशाची ओढाताण नाही’ हे तुम्ही स्वतःविरुद्धचा पुरावा म्हणून मांडले आहे. नैराश्याला अशा पात्रतेची अट नसते. शिवाय तुमचे काहीच गेले नाही, हेही खरे नाही : वर्ग गेला, ‘मॅडम’ म्हणणारी मुले गेली, स्वतःचा पगार गेला. नोकरी लागली की सगळे ठीक होईल, असे सांगणारे भेटतील. असेलही, पण मुलाखतीला जाण्याइतकी उभारी आधी यावी लागते. ‘भारतात परत जा’ हा सल्लाही पुष्कळजण देतील. तो निर्णय वाईट नव्हे, मात्र उपचार सुरू होऊन दोन-तीन महिने गेल्यावर घ्यावा, कारण आत्ता परतीचे विमान आणि खिडकीतली बस यांतला फरक तुमचा तुम्हालाच सांगता येणार नाही.

हे पत्र पतींना वाचायला द्या. त्यांच्यासाठी एवढेच : ‘तुला मरावेसे वाटते का?’ हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. बहुतेक वेळा ओझे उतरते. उत्तर ऐकताना उपाय सुचवू नयेत, आणि डॉक्टरकडे जायच्या दिवशी रजा काढून बरोबर जावे, बाहेर बसावे लागले तरी.

राहिली आई. व्हिडिओ कॉलवर तुम्ही काय करत असाल, याची मला कल्पना आहे : सुजलेले डोळे दिसू नयेत म्हणून दिव्याकडे पाठ करायची, ‘जेवलीस का?’ला ‘हो’ म्हणायचे आणि मुलीला पुढे करायचे. सगळे एकदम सांगायची गरज नाही. ‘आई, मला काही महिने बरे वाटत नाही, इथल्या डॉक्टरांकडे जाते आहे’ एवढे पुरे. ती घाबरेल, रडेल, कदाचित दृष्टही काढायला सांगेल. सांगू द्या. त्या दिवशी फक्त दिव्याकडे तोंड करून बसा.