घराला बाहेरून कोणता रंग द्यायचा? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पाऊस ओसरला की रंगकामाचे प्रश्न धडाधड यायला लागतात. सगळे घेणं शक्य नाही, त्यामुळे जे बऱ्याच जणांच्या कामाचे आहेत ते घेतलेत.

प्रश्न : ताई, देवरूखजवळ आमचं जांभ्याचं घर आहे, वर मंगलोरी कौलं. पुढची बाजू प्लास्टर केलेली, मागच्या भिंती उघड्या दगडाच्या. घरचे म्हणतात अबोली मारू, मला पांढराशुभ्र हवाय. दर पावसाळ्यात भिंतीवर काळे ओघळ येतात त्याचं काय करू?

उत्तर : आधी एक कळकळीची विनंती, मागच्या जांभ्यावर प्लास्टर किंवा रंग काहीही चढवू नका. तो दगड हाच तुमच्या घराचा रंग आहे आणि तो शेड कार्डात मिळत नाही. शेवाळ धरत असेल तर डिसेंबर-जानेवारीत ब्रशने घासून धुवा, पूर्ण वाळू द्या आणि सिलिकॉनवालं क्लिअर वॉटर रिपेलंट मारा. पेंटर व्हार्निश सुचवतील, ते नको, दगडातली ओल आत अडकते आणि मग पापुद्रे सुटतात.

आता पुढची बाजू. कौलं आणि जांभा दोन्ही भगव्या-लाल छटेचे, त्याच्या शेजारी अबोली म्हणजे गुलाबी-केशरी, हे तिन्ही एकमेकांशी भांडतात. पांढराशुभ्र दिवाळीत फार सुंदर दिसेल पण तुमच्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, पुढच्या गणपतीपर्यंत तो शुभ्र राहणार नाही. मधला मार्ग म्हणजे सायीचा रंग, किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा, तो कौलांखाली उजळ दिसतो आणि मळ थोडा पोटात घेतो. आणि खाली जमिनीपासून दोन-अडीच फूट गेरूचा, म्हणजे रेड ऑक्साइडचा पट्टा घ्या. कोकणातल्या जुन्या घरांना हा पट्टा असायचा त्याला कारण होतं, पागोळीचं पाणी अंगणात पडून लाल मातीचे शिंतोडे बरोबर तेवढ्याच उंचीपर्यंत उडतात. पट्टा किती उंच हवा ते तुमची भिंतच सांगेल, आत्ता डाग कुठपर्यंत आहेत ते बघा आणि त्याच्या चार बोटं वर रेघ मारा.

काळ्या ओघळांना रंग जबाबदार नाही. ओघळ कुठून सुरू होतो ते नीट बघा, बहुतेक खिडकीच्या सिलच्या टोकाखालून किंवा छज्ज्याच्या कडेवरून निघत असेल. छज्ज्याच्या खालच्या बाजूला कडेजवळ पाणी तुटायला खाच नसली की पाणी वळून भिंतीवर येतं, ती भिंत ओलीच राहते आणि तिथे बुरशी-शेवाळ धरतं. गवंड्याकडून ती खाच आधी करून घ्या, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिंत धुवा, वाळल्यावर अँटीफंगल सोल्युशन, मग प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात. शेवाळावरच रंग मारला तर ते खालून परत येतं.

प्रश्न : नागपूरला बंगला आहे. मुलाला पूर्ण डार्क ग्रे हवाय, आजकाल सगळीकडे तोच दिसतो. मला भीती की उन्हाळ्यात घर भट्टी होईल. कोण बरोबर?

उत्तर : तुम्ही जास्त बरोबर, पण मुलाचा हट्टही थोडा पुरवता येईल. प्रत्येक शेड किती प्रकाश परत फेकते याचा एक आकडा असतो, एलआरव्ही (लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू) म्हणतात, काळा शून्य आणि शुद्ध पांढरा शंभर. डार्क ग्रे साधारण दहा-पंधराच्या आसपास असतो, म्हणजे पडलेला बहुतेक प्रकाश भिंत पिऊन टाकते आणि तापते, आणि दिवसा तापून रात्री गार होताना आकुंचन-प्रसरण जास्त, त्यामुळे बारीक भेगाही वाढतात. काही कंपन्या हा आकडा वेबसाइटवर देतात, दुकानदाराला विचारा. तुमच्याकडे मोठ्या भिंतींना साठच्या खालची शेड घेऊच नका असं मी म्हणेन.

पण सगळ्या भिंती सारख्या तापत नाहीत. मेच्या शेवटी नागपुरात दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात वाटतं तेवढं ऊन लागत नाही, खरा मार पश्चिमेच्या भिंतीला आणि गच्चीला बसतो. म्हणून पश्चिमेला फिकट, गच्चीवर पांढरं हीट रिफ्लेक्टिव्ह कोटिंग (घर गार ठेवायला पैसे घालायचे तर पहिले इथे घाला), आणि मुलाचा ग्रे उत्तरेच्या बाजूला, बाल्कनीच्या आतल्या भिंतीला, खिडकीभोवतीच्या पट्ट्यांना. उत्तरेच्या भिंतीला वर्षभरात ऊन सगळ्यात कमी, तिथे डार्क शेड टिकतेही जास्त.

प्रश्न : पुण्यात घराला क्रीम रंग निवडला होता, कार्डवर मस्त हलका दिसत होता, भिंतीवर पहिला हात मारल्यावर चक्क हळदीसारखा पिवळा दिसतोय. दुकानदार म्हणतो शेड तीच आहे. आम्हाला फसवलं का?

उत्तर : नाही हो, दुकानदार खरं बोलतोय. कार्डावरची चिठ्ठी दोन इंचाची आणि ती बघितली ट्यूबलाइटखाली. तीच शेड वीस फूट भिंतीवर उन्हात आली की पिवळा, गुलाबी, पिस्ता हे रंग खूपच उठून येतात, आणि जिथे दोन भिंती काटकोनात मिळतात किंवा बाल्कनीच्या आत, तिथे एका भिंतीचा पिवळा दुसरीवर पडतो आणि आणखी गडद होतो. म्हणून बाहेरच्यासाठी कार्डावर थोडी मळकट, राखाडी झाक असलेली, जरा उदास वाटेल अशी शेड घ्यायची, भिंतीवर ती छान क्रीम दिसते.

टिंट केलेल्या, म्हणजे दुकानात शेड मिसळून दिलेल्या बादल्या परत घेत नाहीत, पण फेकू नका, जवळपासचीच शेड घेताय तर हा पिवळा पहिला हात म्हणूनच राहू दे आणि वरचा हात नव्या शेडचा मारा. मात्र यावेळी आधी एक लिटर आणून पूर्वेला आणि पश्चिमेला तीन बाय तीन फुटांचा पॅच मारा, दोन हात मारून वाळू द्या, मग सकाळी नऊला, दुपारी आणि संध्याकाळी पाचला रस्त्यावर उभं राहून बघा, भिंतीला नाक लावून नाही. एवढं केलं असतं तर तुमचे हजारो रुपये वाचले असते म्हणून तळमळीने सांगतेय, बाकीच्यांनी तरी हे टाळू नका.

प्रश्न : कराडला घराच्या एलिव्हेशनला चटक लाल आणि जांभळा दिला होता, दोन वर्षांतच विटला. महागातला घेतला तर टिकेल का?

उत्तर : थोडा जास्त टिकेल, पण विटणारच. चटक लाल, जांभळा, लिंबू पिवळा यांत बहुतेक ऑर्गेनिक पिगमेंट (रंगद्रव्यं) असतात, ती उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतात. गेरू, पिवळी माती, चॉकलेटी, राखाडी यांत लोहाची ऑक्साइड किंवा कार्बन असतो, ती वर्षानुवर्षं तशीच राहतात. लाल हवाच असेल तर विटकरी लाल घ्या, आणि दुकानात सरळ विचारा की ही शेड ऑक्साइड टिंटवर बसते का.

प्रश्न : नवीन बांधकाम, प्लास्टर होऊन पंधरा दिवस झाले. दिवाळीला वास्तुशांत आहे, रंग उरकू का?

उत्तर : बाहेरून नका उरकू. पाणी मारणं थांबवल्यावर निदान महिनाभर प्लास्टर वाळायला हवं, आत्ता त्यात ओल आणि अल्कली दोन्ही भरपूर आहेत, क्षार फुटून पांढरट डाग येतील आणि गडद शेड तर जागोजागी फिकट पडेल. वास्तुशांतीला नुसता व्हाइट सिमेंटचा हात द्या, तोरणं-पणत्या लावल्यावर तोही शोभतो. रंग जानेवारीत करा. तेव्हा सगळ्या बादल्यांचा बॅच नंबर एकच आहे ना बघा, नसेल तर मोठ्या ड्रममध्ये एकत्र ढवळून मग वापरा, आणि झाकणावरचा शेड कोड आणि बेस (ज्या मूळ रंगात टिंट मिसळतात तो) यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे पाइप फुटून कुठे पॅच मारायची वेळ आली तर तोच लागतो.