तिला बरी करायची घाई कशाला?

प्रिय मुली,

तुझं हस्तलिखित वाचलं. शेवटचं प्रकरण सोडून बाकी सगळं आवडलं.

सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी तुझी नायिका पुण्याच्या हॉस्टेलवर येते. मेसमध्ये ताट कुठून घ्यायचं, बसायचं कुठे, हे विचारायची धास्ती, म्हणून खोलीतच कडक भाकरी नि शेंगाचटणीवर दिवस काढते. रूममेट बाहेर गेल्यावर डब्याच्या तळाची चटणी बोटानं पुसून खाते. वा! रेनबो रॉवेलच्या 'फॅनगर्ल'मधली (2013) कॅथही नेब्रास्काच्या विद्यापीठात डायनिंग हॉल टाळून प्रोटीन बारवर राहते आणि फॅनफिक्शन, म्हणजे आवडत्या पुस्तकातल्या पात्रांच्या स्वतः रचलेल्या गोष्टी, लिहिते. कॉपी केली म्हणणारे म्हणू देत. नेब्रास्कात कडक भाकरी मिळत नाही.

आणि शेवटी काय? मोबाईल बंद, गड्ड्याच्या, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या, पाळण्यात मैत्रिणींबरोबर दोन फेऱ्या, की भीती गायब! कुणाला खूश करायला लिहिलंस हे? तिला बरी करू नकोस. निदान मोबाईल हिसकावून तरी नको.

ऑनलाइन मैत्री खरी नसते असं घरचे म्हणतात, म्हणून गोंधळलीस म्हणे. अगं, रात्री अडीचला नायिकेच्या गोष्टीचा नवा भाग वाचून 'जेवलीस का?' असं तिला विचारणारी तुझ्या हस्तलिखितातली ती नांदेडची पोर खोटी कशी? आमच्या वेळी मासिकात छापून आलेल्या पत्त्यावर इनलँड जायची. घरात कधी बोललो नाही ते मी रत्नागिरीच्या एका बाईंना लिहीत होतो. भेटायचं राहूनच गेलं, ते अजून टोचतं. पण ती मैत्री खोटी होती असं कुणी म्हणून तर बघावं!

मात्र त्या फॅन मंडळींना देव्हाऱ्यातही बसवू नकोस. पुढचा भाग लांबला की हेच वाचक कसे अंगावर येतात, ते तू एका ओळीत उरकलंस. तिथे थांब जरा. आणि तो पॅनिक अटॅक रात्रभर चालवू नकोस. तो बहुतेकदा 10 मिनिटांच्या आत टोकाला जातो नि मग ओसरतो. रात्रभर जागवते ती पुन्हा येईल ही भीती. तिला डॉक्टरकडे पाठव, गोळ्या दे, समुपदेशन दे. पण शेवटच्या पानावर ठणठणीत? नाही म्हणजे नाही.

एका प्रकाशकानं माझ्याकडेही हेच मागितलं होतं. गिरणी बंद पडल्यावर घराबाहेर न पडणारा माझा कामगार शेवटी हसत चौकात यायला हवा होता त्यांना. मी ऐकलं नाही. बाड अजून ट्रंकेत आहे. हट्टानं काय मिळालं, असं बायको विचारते. काही नाही मिळालं. पण त्याला तसा हसवला असता तर मला ती पानं पुन्हा उघडवली नसती. आता तू म्हणशील, काका स्वतःचंच घोडं दामटतायत. दामटतोय.

शेवट नव्यानं लिही. गड्डा ठेव, गर्दी ठेव. होम मैदानाच्या कडेला उभी राहून ती नांदेडला मेसेज करत असेल तर करू दे. आणि या खेपेस पीडीएफ पाठवू नकोस, कागदावर छापून आण. मला समासात खरडायला जागा लागते.

तुझा,
काका