दट्ट्या, पिस्टन आणि पिठलं

प्रश्न : 'पेट्रोलच्या स्फोटाने दट्ट्या खाली आपटतो आणि गाडी पळते' असं वाचलं. दट्ट्या म्हणजे बाटलीचं बूच ना? पिस्टनला तो शब्द चालतो का?

उत्तर : आधी त्या वाक्यातला 'स्फोट' काढून टाका. हा शब्द जाईल तिथे ऐकू येतो. पिस्टन म्हणजे सिलिंडरमध्ये, इंजिनातल्या गोल नळीत, वरखाली सरकणारा भाग. त्याच्या माथ्यावरच्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणात ठिणगी पडली की जाळ प्लगपासून पसरत जातो. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर एक स्ट्रोक (पिस्टनची वर किंवा खाली एक खेप) शंभरांश सेकंदाचा, त्यात हे जळणं साधारण दोन-तीन मिलिसेकंद चालतं. म्हणून तर पिस्टन माथ्याला पोचण्याआधीच ठिणगी द्यावी लागते. खरोखर स्फोटासारखं होतं तेव्हा जाळ पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी खडखडते ते हेच, त्याला गॅरेजात नॉकिंग म्हणतात. दुर्लक्ष केलं तर पिस्टनवर चढवलेल्या धातूच्या कड्यांमधल्या, म्हणजे रिंगांमधल्या, कडा फुटतात.

आता गंमत बघा. पिस्टन हा शब्द फ्रेंचमधून आला, तिथे इटालियन 'पिस्तोने'वरून, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'कांडणे, कुटणे' आहे. लॅटिनमध्ये 'पिस्तोर' म्हणजे आधी धान्य कांडणारा, मग पाव भाजणारा. संस्कृतातला 'पिष्' धातू याचाच भाऊबंद. त्याचं 'पिष्ट', त्याचं आपलं 'पीठ', आणि पिठाचं पिठलं! पिस्टन आणि पिठलं एकाच घराण्यातले, चुलत-चुलत का होईना. मात्र 'पिस्टन हा संस्कृत पिष्टनचा अपभ्रंश' असं ठणकावून सांगणाऱ्यांना हात जोडतो. भावाला बाप म्हणू नये.

पण नावात एक खोट आहे. पिस्टन म्हणजे मुळात मुसळ, आणि इंजिनातला पिस्टन कांडत नाही. त्यालाच वायू ढकलतो. इथे आपला दट्ट्या सरस. माझ्या मते तो 'दाट, दाटणे' या कुळातला, म्हणजे घट्ट ठासून बसणारा. काही जण त्याला 'दटावणे'शी जोडतात. बुचाने कोणाला दटावलं ते त्यांनी सांगावं. शिवाय 'साहेबांनी दट्ट्या लावला तेव्हा फाईल हलली' हा अर्थही हाताशी आहेच. घट्ट बसणं आणि रेटा, दोन्ही एका शब्दात! पिस्टनचं अख्खं काम एवढंच.

एक बारीक गोष्ट मात्र दट्ट्याच्या विरोधात जाते. पिस्टन स्वतः दाटून बसतच नाही. पिस्टनचं ॲल्युमिनियम तापल्यावर सिलिंडरच्या बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून पिस्टन मुद्दाम सैल ठेवतात, आणि माथा जास्त तापतो म्हणून तो खालच्या अंगापेक्षा बारीक असतो. दाटतात त्या रिंगा. १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज अभियंत्याने वाफेच्या इंजिनासाठी तुटकी, स्प्रिंगसारखी धातूची रिंग आणली. त्याआधी बहुतेक वेळा वाखाचा दोर गुंडाळून भागवत. रिंगेचा स्वतःचा ताण थोडाच असतो. जळता वायू पिस्टनवरच्या रिंगेच्या खाचेत शिरून तिला मागून भिंतीवर रेटतो. जितका दाब जास्त, तितकी रिंग घट्ट. खरा दट्ट्या ही रिंग!

नवी रिंग घालताना ती सिलिंडरमध्ये पिस्टननेच सरळ खाली सरकवावी आणि टोकांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजावी. ५० मिलिमीटरच्या बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) ढोबळमानाने ०.२ मिलिमीटर. फट ठेवलीच नाही तर रिंग तापून टोकाला टोक भिडतं आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे. पिस्टनवरच्या सगळ्या रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नयेत.

गाडी निळा धूर मारत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकून कंप्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) पुन्हा मोजावं. वाढलं तर रिंगा गेल्या. नाही वाढलं तर झडपा बघा.

हां, बूच. बाटलीच्या बुचालाही दट्ट्या म्हणतात, बरोबर आहे.