चपलेचा जोड २.८३ पर्यंत का पोहोचत नाही?

तुमचा प्रश्न असा: गुंतलेल्या (एकत्र जन्मलेल्या, मोजमापांत जुळणाऱ्या) दोन फोटॉनांची, म्हणजे प्रकाशकणांची, उत्तरं निघतानाच ठरलेली असतील, तर ‘नॉनलोकल’, म्हणजे दूरवर तत्काळ परिणाम करणारं, असं काही उरतंच कुठे? चपलेचा जोड दोन खोक्यांत घालून एक पुण्याला, एक नागपूरला पाठवला. पुण्यात डावी निघाली की नागपुरातली उजवी. त्यात दूरचा परिणाम कसला?

शंका रास्त आहे. दोन्ही पोलरायझर (ठरावीक दिशेच्या ध्रुवीकरणाचाच प्रकाश पार होऊ देणाऱ्या चाळण्या) फक्त आडवे-उभे ठेवले तर चपलेचं स्पष्टीकरण पुरतंही. गाडं अडतं ते मधल्या कोनांवर.

एका बाजूला ०° किंवा ४५° (अ, अ′), दुसरीकडे २२.५° किंवा ६७.५° (ब, ब′) निवडा. प्रत्येक उत्तर +१ (फोटॉन पार) किंवा −१ (अडला). चारही उत्तरं आधीच ठरलेली असतील आणि इकडचं उत्तर तिकडच्या कोनावर अवलंबून नसेल, तर अ(ब−ब′)+अ′(ब+ब′) मांडून बघा. ब आणि ब′ सारखे असले तर पहिला कंस शून्य, वेगळे असले तर दुसरा, उरतात ±२. म्हणजे सरासरी २ च्या वर जाणारच नाही. क्वांटम गणितात मात्र सहसंबंध (दोन्ही उत्तरांच्या गुणाकाराची सरासरी) कोनांतल्या फरकाच्या दुपटीच्या कोसाइनइतका असतो: तीन जोड्यांत +०.७०७, ०°–६७.५° या जोडीत −०.७०७. तीच जोडी वजा होते, म्हणून एकूण २.८३.

प्रयोगशाळेत करणार असाल, तर ४०५ नॅनोमीटरचा लेसर आणि बीबीओ स्फटिकांची (एका फोटॉनाचे दोन करणाऱ्या स्फटिकांची) जोडी वापरून ८१० नॅनोमीटरच्या फोटॉनजोड्या मिळतात. पहिली चूक हाफ-वेव्ह प्लेटच्या कोनात होते: ती ध्रुवीकरण दुपटीनं फिरवते, म्हणून २२.५° साठी प्लेट ११.२५° वर हवी. दुसरी चूक जास्त फसवी. आडव्या-उभ्या कोनांत सहसंबंध झकास दिसतो, पण आडव्या आणि उभ्या घटकांमधला फेज (लहरींच्या तालातला फरक) स्थिर नसतो. मग ४५° वरचा सहसंबंध जवळपास नाहीसा होतो आणि बेरीज १.४१ येते. ही तर निव्वळ चपलांची जोडीच! म्हणून आधी ४५°–४५° आणि ४५°–१३५° इथल्या नोंदी तपासा. तिसरी गोष्ट, योगायोगानं जुळलेल्या नोंदी. दोन्ही डिटेक्टरांवर सेकंदाला प्रत्येकी ५०,००० नोंदी आणि १० नॅनोसेकंदांची खिडकी (इतक्या वेळात आलेल्या दोन नोंदी एक जोडी मानायच्या) असेल, तर सेकंदाला २५ जोड्या खोट्या. त्यांनी बेरीज खालीच येते.

तरी अशा टेबलावरच्या प्रयोगात पळवाटा (आधी ठरलेल्या उत्तरांनीही निकाल समजावता येईल अशा फटी) राहतात: बरेच फोटॉन निसटतात आणि दोन्ही टोकं जवळ असतात. २०१५ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला हिऱ्यांतले दोन इलेक्ट्रॉन १.२८ किलोमीटरवर ठेवून दोन्ही पळवाटा एकदम बंद केल्या. एवढं अंतर कापायला प्रकाशाला ४.२७ मायक्रोसेकंद लागतात, आणि मापनाची निवड व नोंद त्याच्या आत उरकत होती. २२० तासांत अवघ्या २४५ नोंदी, बेरीज २.४२, अनिश्चितता ०.२०.

मग काय मोडलं? ‘स्थानिकता’ (इथल्या घटनेचा तिथे तत्काळ परिणाम होत नाही) हा एकच शब्द बोलून लोक घाई करतात, असं मला ठामपणे वाटतं. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांचा सिद्धान्त दूरचा परिणाम सरळ मान्य करतो. अनेक-विश्व मत ‘एकच उत्तर निघालं’ हेच नाकारतं. अतिनियतवादी (सगळंच, कोनांची निवडसुद्धा, आधीच ठरलेलं मानणारे) कोनांची निवड स्वतंत्र होती हे मानत नाहीत. मोडलंय ते या गृहीतकांचं एकत्र असणं. संदेश मात्र कोणाच्याच मते जात नाही. पुण्यातली यादी नागपुरात कुठलाही कोन ठेवला तरी निम्मी +१, निम्मी −१ अशीच येते. २.८३ दिसायचं, तर दोन्ही याद्या आधी फोनवरून किंवा ईमेलनं एकत्र कराव्या लागतात.