टक्के घसरले म्हणून विषय बदलायचा?

प्रश्न : मुलगी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प बदलत्या डेटा-प्रवाहावरच्या मशीन लर्निंगचा. मॉडेलची, म्हणजे डेटावरून शिकून अंदाज सांगणाऱ्या तिच्या प्रोग्रामची, अचूकता तीन महिन्यांत ९१ टक्क्यांवरून ७४वर आली. मी रोज रात्री आकडा विचारतो; हल्ली ती सांगायचं टाळते. विषय बदलायला सांगू का? – एक वडील

उत्तर : 'हल्ली ती सांगायचं टाळते' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मॉडेलपेक्षा मला याचीच काळजी वाटते. प्रकल्पातला आकडा तुम्ही गुणपत्रिकेसारखा वाचताय, आणि आता तिलाही तो तसाच वाटायला लागला असेल. आज रात्रीपासून तो विचारू नका. उद्यापासून नाही, आजपासून.

आकडा उतरला म्हणजे मुलगी चुकली, हा तुमचा समज मात्र खोडायलाच हवा. साठवलेल्या, न बदलणाऱ्या डेटावर मॉडेल एकदा शिकवून भागतं. वाहत्या डेटात नोंदी येतच राहतात आणि त्यांच्यामागचे नियमही बदलतात. स्पॅम पाठवणारे फिल्टर चुकवायला शब्द बदलतात; २०२०च्या महासाथीत लोकांच्या खरेदीच्या सवयी पालटल्या. कालचं बरोबर उत्तर आज चुकतं. याला 'कॉन्सेप्ट ड्रिफ्ट' म्हणतात, आणि ते ओळखणं हाच तिचा विषय आहे. २००७ साली मांडलेली 'अ‍ॅडविन' ही पद्धत जुन्या आणि नव्या नोंदींच्या सरासऱ्या ताडून पाहते. ठळक फरक दिसला की जुना भाग टाकून देते.

मोठ्या आकड्यानेही हुरळू नका. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या वीजदरांचा डेटा या अभ्यासात नेहमी वापरला जातो. प्रत्येक अर्ध्या तासाला विजेचा भाव मागच्या २४ तासांच्या सरासरीच्या वर आहे की खाली, एवढंच सांगायचं. काहीही न शिकता 'मघाशी होतं तेच' म्हटलं, तरी सुमारे ८५ टक्के उत्तरं बरोबर येतात! तिचे ९१ टक्के कशाच्या तुलनेत चांगले होते, हे आधी तपासायला हवं होतं.



विषय बदलायला सांगू नका. आणि पुढचं पत्र तुम्ही नको, तिने लिहावं. अचूकतेचा आठवडावार आलेख जोडावा. घसरण एका झटक्यात झाली की हळूहळू, हे त्यातून कळेल. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. कदाचित प्रोग्राममध्येच चूक निघेल. तीही तिलाच सापडू द्या.