नेमून दिलेले वाचन आणि हाती असलेले तास

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी सत्तरी तालुक्यातली असून इतिहास विषयात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकते. वाळपईजवळच्या आमच्या गावातून पणजीमार्गे ताळगावच्या पठारावरील विद्यापीठात मी रोज बसने ये-जा करते आणि त्यात साडेतीन तास जातात. आम्हांला चार विषय आहेत आणि प्रत्येक विषयाला दर आठवड्याला सुमारे ४० पाने वाचून येण्यास सांगतात. हे सर्व वाचन इंग्रजीत असते. माझे प्राथमिक शिक्षण मराठीतून झाले, पाचवीपासून इंग्रजी माध्यम आले, पण अशा जड इंग्रजीची सवय मला अजून झालेली नाही. मी पहिल्या पानापासून सुरुवात करते, अडलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहते आणि महत्त्वाच्या वाटणाऱ्या ओळी अधोरेखित करते. असे तासाभरात सहा पाने होतात. पाच आठवड्यांतच मी शेकडो पाने मागे पडले आहे. मागचे संपवल्याशिवाय पुढचे हाती घेऊ नये, असे मला वाटते, त्यामुळे या आठवड्याचा लेख कधीच वाचून होत नाही आणि वर्गात मी गप्प बसते. शिवाय मार्चपासून घरच्या काजूच्या बागेत मदत करावी लागेल. काही मैत्रिणी फोनवरून लेखांचे तयार सारांश मिळवतात. तसे करणे योग्य आहे का? आणि खरे सांगायचे तर, मी एम.ए.ला यायलाच नको होते का?

— एक विद्यार्थिनी, सत्तरी

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय बाकीचे काहीच तुमच्या मनाला पटणार नाही. तुम्ही एम.ए.ला आलात हे योग्यच केले. एवढी वर्षे शिकवल्यावर मी हे धीर देण्यासाठी म्हणत नाही. तुमच्या पत्रातच त्याचा हिशेब आहे आणि तो एकदा मांडून पाहावा अशी माझी विनंती आहे.

आठवड्याला १६० पाने आणि तासाला सहा पाने, म्हणजे जवळजवळ २७ तास झाले. आता दुसरी बाजू पाहा. राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यात एका श्रेयांकामागे अध्ययनाचे ३० तास धरलेले आहेत. चार श्रेयांकांच्या विषयाला असे १२० तास होतात, त्यांतील सुमारे ६० तास वर्गात जातात आणि उरलेले ६० तास पंधरा आठवड्यांवर वाटले तर विषयामागे आठवड्याला चार तास येतात. चार विषयांचे सोळा. याच सोळा तासांत स्वाध्याय, टिपणे आणि परीक्षेची तयारीही बसवायची असते. जे वाचन २७ तास मागते ते सोळा तासांत कोणाचेही होणार नाही. मग रोज साडेतीन तास बसमध्ये घालवणाऱ्या मुलीचे ते कसे व्हावे? ज्यांची घरची भाषाच इंग्रजी आहे असे प्रौढ वाचक साधा माहितीपर मजकूर मनातल्या मनात मिनिटाला सुमारे २४० शब्द या गतीने वाचतात. पानाला ४०० शब्द धरले तर अशा वाचकाला ४० पानांना तासाहून थोडा अधिक वेळ लागेल, आणि मजकूर शास्त्रीय असेल व टिपणेही घ्यायची असतील तर त्याच्या दुप्पट. तेव्हा १६० पाने सर्वांना जडच जातात. तुमच्या वर्गातील जे विद्यार्थी बोलतात त्यांनी सगळी पाने वाचलेली असतात, असे समजू नका. त्यांपैकी बहुतेकांनी काय वाचायचे आणि काय सोडायचे हे ठरवलेले असते.

हे ठरवणे ही चोरी नाही. प्राध्यापक जेव्हा एखादा लेख नेमतात तेव्हा त्यांच्या मनात त्या लेखाचे काही काम असते. कधी त्यातला युक्तिवाद हवा असतो, कधी एखादा पुरावा, तर कधी केवळ पार्श्वभूमी. ते काम कोणते हे ओळखले की किती पाने नीट वाचावी लागतील हे आपोआप कळते. अभ्यासक्रमपत्रिकेत त्या आठवड्याच्या तासाचे जे शीर्षक असते ते आधी वाचा, त्याचा एक प्रश्न करा आणि मगच लेख उघडा. एक उदाहरण देते. गोव्याच्या इतिहासाच्या वर्गात इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जुन्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी, सोळाव्या शतकात घेतलेल्या मुलखातील, ग्रामसंस्थेवरचा लेख कधी ना कधी समोर येतोच. तो पहिल्या ओळीपासून शब्दकोश घेऊन वाचायला बसलात तर चार संध्याकाळी जातील. त्याऐवजी स्वतःला विचारा की तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत जमीन गावकारीच्या, म्हणजे गावच्या मूळ कुटुंबांच्या (गावकारांच्या) ज्या सामाईक संस्थांना पुढे कोमुनिदाद म्हटले गेले त्यांच्या ताब्यात होती, तर अठराव्या शतकात पोर्तुगिजांकडे आलेल्या आमच्या नव्या काबिजादीतील सत्तरीत मोकासदारी, म्हणजे सेवेबद्दल एखाद्याला (मोकाशाला) गाव इनाम देण्याची पद्धत, कशी आली? मोकाशाच्या जमिनीचे वाद तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत आला असाल. तो प्रश्न मनात धरून पहिली दोन पाने, शेवटची दोन पाने आणि मधल्या प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचा. जिथे जमिनीची वाटणी, गावकारांचे हक्क किंवा १५२६ च्या फोरालासारखा (गावांच्या रूढी नोंदवणाऱ्या पोर्तुगीज सनदेसारखा) दस्तऐवज येईल तिथे थांबा आणि ती पाने शांतपणे, सलग वाचा. अशी बारकाईने वाचण्याची पाने चाळीसांपैकी दहा-बाराच निघतील. सासष्टीतून आलेल्या विद्यार्थ्याला जो प्रश्न सुचणार नाही तो तुम्हांला सुचेल, आणि वर्गात बोलायला एक नेमका प्रश्न पुरेसा असतो.

शब्दकोशाविषयी एवढेच सांगते की पहिल्या वाचनात तो मिटून ठेवा. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब करा आणि पुढे जा. तोच शब्द त्या लेखात तिसऱ्यांदा आला तर तो लेखाच्या कण्यातला शब्द आहे असे समजून त्याचा अर्थ पाहा आणि वहीत उतरवा. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने केलेले विषयवार परिभाषा कोश अशा वेळी साध्या इंग्रजी–मराठी कोशापेक्षा अधिक उपयोगी पडतात, कारण शास्त्रीय संज्ञेचा रोजच्या व्यवहारातील अर्थ पुष्कळदा दिशाभूल करतो. विषयच नवा असेल तर इंग्रजी लेखाआधी मराठी विश्वकोशातील त्याची नोंद वाचून घ्या. अर्धा तास जाईल, पण पुढचे दोन तास वाचतील. मराठीतून वाचणे ही कमीपणाची गोष्ट आहे असा समज आपल्याकडील अनेक मुलांच्या मनात पाचवीत माध्यम बदलते तेव्हाच बसतो आणि एम.ए.पर्यंत सुटत नाही. त्याचे मला फार वाईट वाटते.

अधोरेखनाबद्दल माझे मत कडक आहे. हातात पेन असले की काम झाल्यासारखे वाटते आणि पान उलटले की काहीच उरत नाही. त्याऐवजी लेखाचा एक भाग संपला की तो मिटा आणि आठवेल तेवढे पाच-सहा ओळींत मराठीत लिहा. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्या गटाने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात कितीतरी अधिक राहिले होते. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नसते. शिवाय या पाच-सहा ओळी हेच तुमचे टिपण होते आणि परीक्षेच्या वेळी ४० पानांऐवजी तेवढेच चाळावे लागते. बसमध्येही हेच करा. होंडा–साखळीच्या वळणावळणाच्या रस्त्यावर बारीक छपाई वाचून डोके दुखवून घेण्यापेक्षा आदल्या रात्री वाचलेल्या लेखाचे म्हणणे मनातल्या मनात मांडून पाहा. जिथे धागा तुटेल तेवढाच भाग घरी जाऊन पुन्हा वाचा.

मागे राहिलेल्या पानांबाबत तुमचा जो नियम आहे, तो आजच सोडून द्या, असे मी आग्रहाने सांगते. मागचे संपवून पुढे जाण्यात तुम्ही दर आठवड्याला वर्गाच्या एक पाऊल मागेच राहता, आणि व्याख्यानाचा जो आधार वाचनाला मिळायला हवा तो मिळत नाही. येत्या सोमवारपासून त्या आठवड्याचेच लेख घ्या. जुन्या प्रत्येक लेखाला फक्त वीस मिनिटे द्या: सुरुवात, शेवट आणि वर्गातील स्वतःचे टिपण. त्यांपैकी जो लेख स्वाध्यायाला किंवा परीक्षेला लागणार आहे तेवढाच पुढे सुट्टीत पूर्ण वाचा. चतुर्थीच्या सुट्टीत सगळे भरून काढू असे मी अनेकांकडून ऐकले आहे, पण माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) आणि पाहुण्यांच्या त्या दिवसांत कोणाचेही वाचन होत नाही, म्हणून तो भरवसा ठेवू नका.

परतीच्या वाटेवर पणजीला बस बदलावी लागते, तेव्हा बसस्थानकाजवळच पाटो येथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था गोव्याच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला घरासारखी वाटावी अशी आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक बस सोडून तिथे दीड तास बसा. घरी गेल्यावर काम आणि थकवा यांतून जो दीड तास मिळतो, त्यापेक्षा तो तिप्पट मोलाचा ठरतो.

तयार सारांशाविषयी तुम्ही विचारले आहे. स्वतःचा सारांश लिहून झाल्यावर तो ताडून पाहण्यासाठी दुसरा सारांश पाहिला तर हरकत नाही. लेखाऐवजी सारांश वाचला तर निष्कर्ष हाती येतो आणि पुरावा सुटतो, आणि इतिहासात पुराव्याशिवाय निष्कर्षाला किंमत नसते. यंत्राने केलेल्या सारांशात लेखात नसलेली विधानेही बेमालूम घुसतात. मूळ लेख न वाचलेल्याला ती ओळखता येत नाहीत. याहून चांगला मार्ग तुमच्या मैत्रिणींमध्येच आहे. तिघीजणींनी तीन लेख वाटून घ्या, प्रत्येकीने आपला लेख नीट आणि इतर दोहोंची पहिली-शेवटची पाने वाचा, आणि तासाआधी कॅन्टीनमध्ये बसून आपापला लेख कोकणीत किंवा मराठीत दुसरीला सांगा. सांगताना अडखळलात की कुठे समजले नाही ते कळते.

काजूच्या हंगामाचे काय करावे, याला एकच पक्के उत्तर नाही. सम सत्राची (वर्षाच्या दुसऱ्या सत्राची) परीक्षा आणि बोंडू (काजूची फळे) गोळा करण्याचे दिवस एकमेकांवर येतात, आणि घरचे काम टाळा असे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण तारीख आधीच ठाऊक असलेली ही अडचण आहे. जानेवारीत अभ्यासक्रमपत्रिका हाती आली की मार्च–एप्रिलचे दोन सर्वांत जड लेख निवडून फेब्रुवारीतच वाचून ठेवा, आणि घरी कोणत्या आठवड्यात परीक्षा आहे ते दिनदर्शिकेवर खूण करून दाखवा. बागेतील माणसांना दिवस मोजता येतात. आपल्या मुलीच्या अभ्यासाचे दिवस कोणते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

शेवटी प्राध्यापकांशी बोला. ‘वाचून झाले नाही’ एवढेच म्हटले तर ती तक्रार वाटते. ‘या आठवड्याच्या तीन लेखांपैकी आधी कोणता वाचू?’ असे विचारले तर बहुतेक शिक्षक आनंदाने सांगतात. मी स्वतः अनेक वर्षे पानांचा हिशेब न करता लांबलचक याद्या देत होते. एका विद्यार्थ्याने हाच प्रश्न विचारल्यावर मी आवश्यक वाचन आणि पूरक वाचन असे दोन भाग करू लागले, आणि हे आधीच करायला हवे होते याची मला आजही खंत आहे.

प्रश्न : मी पेडण्याचा असून एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मार्गदर्शकांनी पंधरा शोधनिबंध वाचायला दिले आहेत. आठ पानांच्या एका निबंधाला मला दोन दिवस लागतात आणि तरी सगळे समजत नाही. काय करावे?

— एक विद्यार्थी, पेडणे

उत्तर : शोधनिबंध ज्या क्रमाने छापलेला असतो त्या क्रमाने तो वाचायचा नसतो, आणि हे कोणी मुद्दाम शिकवत नाही. आधी शीर्षक आणि गोषवारा वाचा, मग सगळ्या आकृत्या व त्यांखालचा मजकूर पाहा, त्यानंतर निष्कर्ष, आणि मग प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, जिथे लेखकांनी नेमके काय केले हे सांगितलेले असते. एवढ्याला अर्धा तास पुरतो. त्यानंतर हा निबंध तुमच्या प्रकल्पाला किती लागतो हे ठरवा. पंधरांपैकी चार-पाच निबंधच पूर्ण वाचावे लागतील. प्रयोगपद्धतीचा भाग, जो तुमचे दोन दिवस खात असावा, तो ज्या निबंधातील प्रयोग तुम्ही स्वतः करून पाहणार आहात त्याचाच ओळीओळीने वाचा, आणि तोही प्रयोगशाळेत, वही उघडी ठेवून. विषय अजून धूसर असेल तर मार्गदर्शकांकडे त्यावरचा एखादा आढावा-लेख मागा आणि पंधरांच्या आधी तो वाचा. प्रयोग फसला की काही आठवड्यांनी पद्धतीचा भाग पुन्हा काढावा लागतो. त्या वेळी शोधाशोध होऊ नये म्हणून प्रयोगवहीच्या शेवटच्या पानांवर प्रत्येक निबंधाचे शीर्षक, वर्ष, फाइलचे नाव आणि त्यातून आपण काय घेतले याची एक ओळ वाचल्याच्या दिवशीच लिहून ठेवा.